कुठल्या झरोक्याला कोणता लुव्हर

सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, रंग यांबद्दल कमिटीतल्या प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होतं. लुव्हरबद्दल कोणालाच नव्हतं. कोटेशनच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती : ‘जुने लुव्हर काढून नवीन बसवणे, दर चौरस फुटाला’ आणि पुढे आकडा. तीन कंत्राटदारांचे तीन आकडे. सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या जवळजवळ तिप्पट. मी नुकतीच सेक्रेटरी झालेले, सगळी नोकरी बँकेत गेलेली. कागद समोर ठेवून तुलना करायची मला सवय आहे. पण तुलना करायला वस्तू एक असावी लागते. इथे तिघं जण एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू देऊ करत होते आणि त्या वेगळ्या आहेत हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आमची इमारत वर्सोव्याला, समुद्राच्या अगदी जवळ. सात मजले, खाली पार्किंग. लुव्हर म्हणजे भिंतीतल्या झरोक्यात बसवलेली तिरक्या पात्यांची चौकट, एवढं मला माहीत होतं. इमारतीत ते कुठेकुठे आहेत याची यादी करायला मी वरून खाली चालत निघाले तेव्हा गोंधळ वाढतच गेला. गच्चीवर लिफ्टची मशिनरूम. प्रत्येक मजल्यावर जिन्याचा झरोका. बाथरूमांच्या डक्टचं वरचं तोंड. तळाला मीटररूम, पंपाची खोली आणि मागच्या अंगाला जनरेटरची खोली. सगळीकडे एकाच नमुन्याचे पत्र्याचे लुव्हर, बहुधा बिल्डरने एकदम घाऊक करून घेतलेले. आता सगळे गंजलेले, काहींची पाती बोटाने दाबली तर तुटत होती. कंत्राटदारांचं म्हणणं होतं, ‘जसे होते तसेच नवीन लावून देतो.’ पण जसे होते तसे असताना मशिनरूमच्या फरशीवर दर पावसाळ्यात पाणी साचत होतं आणि जनरेटर अर्ध्या तासात तापून बंद पडत होता. दोन्ही तक्रारी सोसायटीच्या वहीत वर्षानुवर्षं लिहिलेल्या होत्या, लिफ्टच्या आणि जनरेटरच्या नावाने. लुव्हरचं नाव कुठेच नव्हतं.

माझा भाचा दुबईत वातानुकूलनाच्या डक्टिंगचं काम करतो. त्याला फोन केला आणि विचारलं, कोणता लुव्हर चांगला? तो म्हणाला, “मावशी, असं नाही विचारायचं. आधी मला सांग, त्या झरोक्यातून हवा आत येते की बाहेर जाते? पंखा ओढतो की आपोआप वाहते? आणि आत पाच थेंब आले तर काय बिघडेल?” यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. मग तो त्याच्याकडचे लुव्हर सांगू लागला. आखातात पावसाची नाही, वाळूची भीती. तिथे उभ्या पन्हळींच्या दोन रांगा समोरासमोर बसवतात. हवेला त्यांतून वळणं घेत जावं लागतं, जड वाळू वळणावर मागे राहते आणि खाली गळून भोकांतून बाहेर पडते. हवा मात्र फार हळू वाहायला हवी, नाहीतर वाळूही वळून आत येते. “हा तुमच्या वर्सोव्याला काय कामाचा!” तो म्हणाला. पण ‘हवा हळू वाहायला हवी’ हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरलं.

साकीनाक्याला एका फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्ये गेले. गृहस्थ धीराचे. त्यांनी एकेक नमुना टेबलावर ठेवला. पहिला सगळ्यात साधा : अ‍ॅल्युमिनियमची झेडसारखी मुडपलेली पट्टी, पंचेचाळीस अंशांत तिरकी, एकाखाली एक. दुसरा दिसायला तसाच, पण प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेला वर वळलेली बारीक पन्हळ. तिसऱ्याची पाती उलट्या व्हीसारखी. पलीकडचं काहीच दिसत नाही. चौथ्यात पाती उभी, चांगली खोल, आणि प्रत्येकीला दोन-दोन आकडे. पाचवा जाडजूड, पात्यांच्या पोटात रॉकवूल भरलेलं आणि खालून भोकांचा पत्रा; तो आवाजासाठी. सहावा म्हणजे पंख्याच्या तोंडावरच्या झडपा, पंखा चालू झाला की हवेने उघडणाऱ्या आणि बंद झाला की स्वतःच्या वजनाने मिटणाऱ्या. आणि सातवा आपल्या सगळ्यांच्या बाथरूममध्ये असतो तो, काचेच्या पट्ट्या आणि बाजूला दांडी.

तो काचेचा लुव्हर हातात घेतल्यावर मला गिरगावातल्या आजोळच्या खिडक्या आठवल्या. लाकडी पाती, मधोमध एक उभी काठी. काठी वर केली की सगळी पाती एकदम मिटत. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांना अजून आहेत. ती व्यवस्था उत्तम चालायची, कारण पाऊस आला की घरातलं कोणीतरी उठून काठी वर करायचं. मशिनरूममध्ये कोणी नसतं. जून ते सप्टेंबर तिथला लुव्हर एकटाच असतो, आणि हवा येऊ द्यायची आणि पाऊस अडवायचा हे त्याला दोन्ही एकाच वेळी, कोणाच्या मदतीशिवाय साधायचं असतं. म्हणून घरातल्या खिडकीचा अनुभव इथे चालत नाही.

आता हवा हळू का वाहायला हवी ते. साध्या झेड पात्यांवर पडलेलं पाणी पात्याच्या पुढच्या कडेवर येतं आणि तिथून पागोळीसारखं खालच्या पात्यावर पडतं, तिथून त्याच्या खालच्यावर. मोठ्या पावसात पात्यांच्या प्रत्येक फटीपुढे पाण्याचा एक पडदा तयार होतो. हवा त्या पडद्यातूनच आत जाते. सावकाश गेली तर पडदा तसाच खाली पडतो. वेगाने गेली तर ती पडदा फोडते, थेंब उचलते आणि बरोबर आत नेते. पन्हळीच्या पात्यात हा पडदाच होऊ देत नाहीत : पाणी पुढच्या कडेला पोहोचण्याआधी पन्हळीत अडतं, बाजूच्या चौकटीकडे वाहतं, चौकटीच्या पोकळीतून खाली उतरतं आणि तळाशी बाहेर पडतं. हवेच्या वाटेत पाणीच कमी. हे समजलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पत्र्याच्या एका मुडपीत एवढा विचार असतो हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

पण मग वेग मोजायचा कसा? वेग म्हणजे दर सेकंदाला जाणारी हवा भागिले जाण्यासाठीची मोकळी जागा. आणि मोकळी जागा म्हणजे भिंतीतलं भोक नव्हे, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. फॅब्रिकेटरने मला मोजायला शिकवलं. सहाशे बाय सहाशे मिलिमीटरचा पन्हळीचा नमुना घेतला. दोन्ही बाजूंची चौकट वजा जाता रुंदी राहिली ५३० मिलिमीटर. मग दोन पात्यांमधलं अंतर. ते समोरून उभं मोजायचं नाही. वरच्या पात्याच्या कडेपासून खालच्या पात्यापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर, काटकोनात. समोरून ७५ मिलिमीटर वाटणारी फट अशी मोजली तर ३८ निघाली. अशा सहा फटी, म्हणजे २२८. सगळ्यात वरची फट ३०, सगळ्यात खालची २५. बेरीज २८३. गुणिले ५३०. उत्तर साधारण ०.१५ चौरस मीटर. भोक ०.३६ चौरस मीटरचं. म्हणजे हवेला मिळाली जेमतेम ४२ टक्के जागा.

“आणि हा चांगला आहे, ताई,” ते म्हणाले. आकार लहान झाला की चौकट तेवढीच राहते आणि टक्केवारी आणखी घसरते. त्यावर मागून डासांची जाळी लावली तर उरलेल्या जागेतली जवळजवळ निम्मी जाते, आणि काही महिन्यांत धूळ आणि तंतू अडकून उरलेलीही. पक्ष्यांसाठीची अर्ध्या इंचाची जाळी त्या मानाने फार कमी अडवते. कबुतरांसाठी ती हवीच. डासांची मात्र जिथे खरोखर गरज असेल तिथेच.

हा हिशेब घेऊन मी जनरेटरच्या खोलीत गेले. मशीनच्या माहितीपत्रकात रेडिएटरला लागणारी हवा दिलेली होती : दर सेकंदाला १.८ घनमीटर. हवा आत येण्याचा झरोका १.२ बाय १.२ मीटर, म्हणजे १.४४ चौरस मीटर. ४२ टक्क्यांनी मोकळी जागा ०.६. वेग आला सेकंदाला ३ मीटर. जुन्या लुव्हरला वर डासांची जाळी होती, धुळीने बुजलेली; तेव्हा खरा वेग आणि पंख्यावरचा ताण याहून कितीतरी जास्त असणार. पंख्याला हवी तेवढी हवा ओढताच येत नव्हती. त्यात गरम हवा बाहेर जाण्याचं तोंड त्याच भिंतीत, शेजारीच. बाहेर टाकलेली गरम हवा वळून पुन्हा आत येत होती. जनरेटर तापत होता यात मशीनचा काहीही दोष नव्हता. त्या मशीनवर आम्ही दुरुस्तीचे किती पैसे घातले त्याचा हिशेब खजिनदारांनी काढून दाखवला तेव्हा कमिटीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

जनरेटरला आवाजाचीही बाजू आहे, आणि इथे दोन गरजा सरळ एकमेकींच्या विरुद्ध जातात. खोलीत ठेवलेल्या जनरेटरसाठी खोलीला अशी ध्वनिरोधक व्यवस्था हवी की आवाज निदान २५ डेसिबलने कमी व्हावा, असा पर्यावरणाच्या नियमांत दंडक आहे. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या मागच्या इमारतीतल्या रहिवाशांची तक्रार रास्त होती. पण आवाजाच्या लुव्हरची पाती जाड; त्यात मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. तोच झरोका ठेवून तो लावला असता तर वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला असता, पाऊसही आत आला असता आणि मशीनही गुदमरलं असतं. शिवाय हे लुव्हर चढा, किरकिरा आवाज चांगला अडवतात. इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर त्यांतून बरीचशी निसटते. तेव्हा नुसता लुव्हर बदलून हे काम होणार नव्हतं. भिंतीतला झरोका मोठा करावा लागला, गरम हवेचं तोंड डक्ट घालून दुसऱ्या बाजूला न्यावं लागलं, आणि मगच आवाजाचा लुव्हर बसला. झरोका मोठा करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं, हे सांगायला हवं. दुरुस्तीच्या गर्दीत कोणी भिंत फोडत सुटू नये.

लिफ्टच्या मशिनरूमचा प्रश्न वेगळाच. तिथे हवा थोडी लागते, पण सतत. लिफ्ट चालवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उष्णतेला नाजूक. खोली ४० अंशांच्या वर जाऊ नये. आणि पाणी तर एक थेंबही नको. झरोके दोन, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. मुंबईचा पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, आणि सातव्या मजल्याच्या वर त्याला अडवायला काहीही नाही. समुद्रावरून येणारी झड तिथे आडवी लागते.

इथे कंपन्यांची माहितीपत्रकं वाचताना मी पुन्हा गोंधळले. एका पत्रकात लिहिलं होतं की मोकळ्या जागेतला वेग मिनिटाला हजार फुटांपर्यंत, म्हणजे सेकंदाला पाच मीटरपर्यंत गेला तरी पाणी आत येत नाही. वाचून वाटलं, मग आपल्याला कशाची चिंता? भाच्याने समजावलं की हा आकडा ज्या अमेरिकी चाचणीतून येतो तिच्यात वारा नसतो. लुव्हरवर वरून पाणी सोडतात, मागून पंख्याने हवा ओढतात, आणि पंधरा मिनिटांत दर चौरस फुटाला ०.०१ औंस पाणी आत आलं की तिथे पाणी शिरायला सुरुवात झाली असं धरतात. फार काटेकोर मोजमाप आहे ते, पण पाऊस सरळ पडतो असं गृहीत धरणारं. झडीची चाचणी वेगळी असते. युरोपच्या मानकात, ईएन १३०३० मध्ये, एक मीटर बाय एक मीटरच्या लुव्हरवर सेकंदाला १३ मीटर वेगाचा वारा सोडतात आणि तासाला ७५ मिलिमीटर दराने पाऊस. त्यातलं ९९ टक्के किंवा अधिक पाणी अडलं तर वर्ग ए, ९५ टक्क्यांपर्यंत बी, ८० पर्यंत सी, त्याखाली डी. आणि हा वर्ग नेहमी हवेच्या एखाद्या वेगासोबत सांगतात : अर्धा मीटर वेगाला ए असलेला लुव्हर दोन मीटरला सी होऊ शकतो. पत्रकात फक्त ‘क्लास ए’ लिहिलेलं असेल तर ‘कुठल्या वेगाला?’ असं विचारायचंच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी काढली तर तासाला ३९ मिलिमीटर, चाचणीच्या निम्म्याच्या आसपास. पण पाऊस सरासरीने पडत नाही. त्या दुपारी काही तास तो याच्या कितीतरी पट कोसळत होता, हे त्या दिवशी मुंबईत असलेल्या कोणालाही सांगायला नको. चाचणीचे आकडे म्हणून मी हमी मानले नाहीत. दोन लुव्हर शेजारी ठेवून कोणता अधिक तग धरेल एवढंच ते सांगतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझं समाधान होईना. फॅब्रिकेटरने साध्या झेड पात्यांचा आणि पन्हळीच्या पात्यांचा असे दोन नमुने आणले. मशिनरूममधली सगळी यंत्रणा लिफ्टवाल्यांकडून बंद करून, प्लास्टिकने झाकून घेतली होती. हे त्यांच्या माणसाच्या देखरेखीतच करायचं. समोरच्या भिंतीत पंखा होता, बाहेर हवा फेकणारा. झरोक्यात आधी झेड पात्यांचा लुव्हर बसवला, आत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली, आणि गच्चीवरून पाइपने वरच्या बाजूने पाणी सोडलं. पंखा बंद असताना आत जवळजवळ काही नाही. कागदाच्या कडेला थोडा ओलावा. मग पंखा लावला. काही क्षणांत कागदावर टप टप डाग पडायला लागले, आधी भिंतीजवळ, मग आत आत, आणि पंधरा मिनिटांनी कंट्रोल पॅनेलच्या पायाशी ठेवलेला कागद भिजला होता. पाणी तेवढंच, पाइप तोच. फरक फक्त ओढणाऱ्या पंख्याचा. दर पावसाळ्यात लिफ्ट का बंद पडायची ते आम्हा सगळ्यांच्या समोर फरशीवर छापलं गेलं होतं.

मग पन्हळीचा लुव्हर. पंखा चालू, पाणी तेवढंच. चौकटीच्या तळातून बाहेरच्या बाजूला पाणी धारेने वाहू लागलं. आत कागद कोरडे. मग मिस्त्रीने पाइपचं तोंड बोटाने दाबून पाण्याचा फवारा समोरून, आडवा मारला, पश्चिमेच्या झडीसारखा. आता पन्हळीच्या पात्यांतूनही थेंब आत आले. कमी, पण आले. म्हणजे पत्रकातला सेकंदाला पाच मीटरचा आकडा खरा असूनही आमच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी पुरा नव्हता.

त्या प्रयोगावरून निर्णय सोपा झाला. हवा आत घेण्याचं काम पूर्वेच्या झरोक्याकडे दिलं. तिथे झड येत नाही, तिथे पन्हळीचा लुव्हर पुरतो. पंखा पश्चिमेला नेला असता तर त्याला वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलावी लागली असती, म्हणून तो उत्तरेच्या भिंतीत उंचावर बसवला. गरम हवा वरच असते. त्याच्या तोंडावर आपोआप मिटणाऱ्या झडपा आणि बाहेर पन्हळीचा लुव्हर. पश्चिमेचा झरोका आम्ही बुजवून टाकला. या सगळ्या अभ्यासात घेतलेला सगळ्यात उपयोगी निर्णय कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन, आणि त्यात लुव्हर मुळीच नाही. ज्यांना पश्चिमेचा झरोका ठेवावाच लागतो त्यांच्यासाठी ती उभ्या, आकडेवाल्या पात्यांची खोल चौकट आहे. झडीत तीच टिकते, आणि तिची किंमत का जास्त ते तेव्हा कळतं.

मीटररूमला पंखा नाही, हवा आपोआप वाहते. वारा नसताना हवा हलायची ती फक्त गरम होऊन वर जाते म्हणून. खाली एक झरोका आणि वर एक, असे दोन असले तरच ती हलते. वेग इतका कमी की उलट्या व्हीची पाती इथे चालली. बाहेरून हात किंवा तार आत घालता येत नाही, मुलं खाली खेळतात तिथे हे महत्त्वाचं. पंपाच्या खोलीला झेड पात्यांचा साधा लुव्हर. तिथली फरशी तशीही ओली असते, निचरा आहे. तिथे महागडी वस्तू लावणं म्हणजे सभासदांच्या पैशांची नासाडी. बाथरूमच्या डक्टचं तोंड वर छप्पर घालून चारही बाजूंनी रुंद फटींचं ठेवलं, फक्त कबुतरांची जाळी लावून.

वाद झाला तो जिन्यावरून. डेंग्यूच्या भीतीने अनेकांना जिन्याच्या झरोक्यांना दाट पात्यांचे लुव्हर आणि डासांची जाळी हवी होती. मागणी चुकीची नव्हती. गेल्या वर्षी इमारतीत आजारपणं झाली होती. पण जिन्याचा झरोका डासांसाठी नाही, आगीच्या वेळी धूर बाहेर जावा म्हणून आहे. प्रत्येक टप्प्यावर बाहेरच्या हवेला ०.५ चौरस मीटर जागा हवी, असं अग्निसुरक्षेच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. आमचा झरोका १.२ बाय ०.९, म्हणजे १.०८ चौरस मीटर. ४२ टक्क्यांचा लुव्हर लावला की ०.४५ उरतात. जाळी लावली की त्याच्या जवळपास निम्मे. कागदावर एक चौरस मीटरचा झरोका आणि धुराला वाट पाव चौरस मीटरची! मी हा हिशेब फळ्यावर मांडला. फायर कन्सल्टंटनेही तेच सांगितलं. अखेर रुंद फटींचे, ५५ टक्के मोकळी जागा देणारे लुव्हर ठरले, जाळीशिवाय. मोकळी जागा जवळजवळ ०.६. थोडा पाऊस टप्प्यावर येतो, तो पुसता येतो. डासांसाठी गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं आणि साचलेलं पाणी यांकडे लक्ष द्यायचं ठरलं, जिथे डास होतात तिथेच.

धातूबद्दल थोडक्यात. समुद्राजवळ पत्रा नकोच, जस्ताचा थर खाऱ्या हवेत फार काळ टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे एक्सट्रूड केलेले सेक्शन घेतले, नीट पावडर कोटिंग केलेले. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, मध्ये नायलॉनचा वॉशर. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजतो. कोटेशनात ‘स्क्रूसह’ एवढंच असतं. कुठले स्क्रू ते लिहून घ्यावं लागतं.

बसवण्याच्या कामाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं, कारण इथे चांगली वस्तू वाया जाताना मी दुसऱ्या इमारतींत पाहिली आहे. लुव्हर उलटा बसतो, आतली बाजू बाहेर, आणि मग पाती पाऊस झेलून आत ओततात. चौकट आणि भिंत यांच्यातली फट नीट भरलेली नसते. गळती पात्यांतून होते असं वाटतं आणि ती असते त्या फटीतून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिस्त्री प्रेमाने, काम पक्कं व्हावं म्हणून, तळाच्या कडेलाही सीलंट भरतो. पन्हळीतलं सगळं पाणी चौकटीतून उतरून तिथूनच बाहेर पडायचं असतं. ती भोकं बुजली की पाणी चौकटीत साठतं आणि आत ओसंडतं. वरून आणि बाजूंनी सीलंट, तळाची भोकं मोकळी, आणि खालच्या कठड्याला बाहेरच्या बाजूला उतार. रंगारी आले तेव्हा हे पुन्हा सांगावं लागलं, कारण रंगानेही भोकं बुजतात.

ज्यांच्या सोसायटीत दुरुस्ती निघाली आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लुव्हरची एक ओळ आणि चौरस फुटाचा दर असलेलं कोटेशन स्वीकारू नका. प्रत्येक झरोका वेगळा लिहून मागा : पात्याचा प्रकार, त्या आकाराला मिळणारी मोकळी जागा चौरस मीटरमध्ये, जाळी कुठली, स्क्रू कुठले. पंखा असेल तिथे हवेचा वेग किती होईल ते विचारा. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून निदान मशिनरूमचा लुव्हर घेऊ नका. काम मे महिन्यातच पुरं करून घ्या. आणि ते पुरं झालं की मशीन झाकून, पंखा चालू ठेवून, प्रत्येक लुव्हरवर पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारून बघा, वरून आणि समोरून. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.